जपानी बाळांचीं नांवें आणि त्यांचे अर्थ

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

शाळामास्तरानें आयुष्यांत सर्वांत अधिक वेळां वाचलेलें पुस्तक कोणतें, असें मला कोणी विचारलें तर ‘हजेरीपट’ असेंच उत्तर द्यावें लागेल. तीस-बत्तीस वर्षें मीं तो रोज सकाळीं मोठ्यानें वाचला. आरंभीं तीं नुसतीं नांवें होतीं. पुढें हळूहळू ध्यानांत येऊं लागलें कीं, हजेरीपट हा गांवाचा इतिहासच आहे. वडिलांच्या रकान्यांत धोंडू, दगडू, केरू अशीं नांवें असत. ज्या घरांनीं पाळण्यांत मृत्यु पाहिला होता त्या घरांचीं तीं नांवें. मुलांच्या रकान्यांत देशभक्तांचीं नांवें येत, आणि नंतर नंतर चित्रपटांतील नटनट्यांचीं. एक नांव मात्र असें होतें कीं, तें मीं चार वर्षें रोज उच्चारलें आणि त्याचा अर्थ एकदांही मनांत आणला नाहीं. त्याची हकीगत शेवटीं सांगेन.

सेवानिवृत्तीनंतर वाचनालयांत जपानच्या इतिहासावरील कांहीं ग्रंथ हातीं आले. ते वाचतांना मला जणूं तोच हजेरीपट दुसऱ्या लिपींत उघडलेला दिसला. त्यांतील कांहीं पानें आज आपणांपुढें वाचून दाखवावीं, असा माझा विचार आहे.

जपानांत मूल जन्मलें म्हणजे सातव्या रात्रीं त्याचें नांव ठेवण्याची जुनी चाल आहे. या समारंभाला ‘ओ-शिचि-या’, म्हणजे ‘सातवी रात्र’, असेंच म्हणतात. आपल्याकडे बाराव्या दिवशीं बारसें होतें, पाळणा म्हणतात, आणि आत्या बाळाच्या कानांत नांव सांगते. जपानांत नांव कानांत सांगण्यापेक्षां डोळ्यांना दाखविण्याला अधिक महत्त्व आहे. पांढऱ्या कागदावर कुंचल्यानें, काळ्या शाईनें मुलाचें नांव व जन्मदिन लिहितात आणि तो कागद देवघराजवळ किंवा बैठकीच्या खोलींतील मानाच्या कोनाड्यांत लावतात. तांबड्या कडधान्याबरोबर शिजविलेला भात त्या दिवशीं करतात. कायद्याप्रमाणें जन्मापासून चौदा दिवसांच्या आंत सरकारी कुटुंबनोंदींत, म्हणजे ‘कोसेकी’मध्यें, तें नांव दाखल व्हावें लागतें.

नांव डोळ्यांना दाखवावयाचें, याचें कारण जपानी लिपींत आहे. जपान्यांनीं फार प्राचीन काळीं चीनमधून चित्राक्षरें घेतलीं. त्यांतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असतो, परंतु उच्चार मात्र एकाहून अधिक असूं शकतात. ‘आकिरा’ हें मुलाचें नांव घ्या. सूर्य आणि चंद्र शेजारीं शेजारीं काढून जें ‘उजेड’ अर्थाचें अक्षर होतें, त्यानें तें लिहितां येतें. आणि निरनिराळ्या प्रकारच्या तेजाचा अर्थ असलेल्या दुसऱ्या कित्येक अक्षरांनींही लिहितां येतें. उलट, ‘सुख’ आणि ‘मूल’ या दोन अक्षरांनीं लिहिलेलें मुलीचें नांव कोणी ‘साचिको’ वाचील, तर कोणी ‘युकिको’ वाचील. म्हणून जपानी मनुष्याच्या नांवाचा अर्थ विचारावयाचा असेल तर प्रथम, ‘आपण तें कसें लिहितां?’ असें विचारावें लागतें. आईबापांचें खरें मनोगत अक्षरांच्या निवडींत असतें.

आतां थोडें मागें जाऊं. पूर्वीच्या जपानांत उच्च कुळांतील मनुष्य एकाच नांवानें सारें आयुष्य काढीत नसे. लहानपणचें नांव वेगळें, वयांत आल्यावर मुंजीसारखा ‘गेम्पुकु’ संस्कार होई तेव्हांचें नांव वेगळें, आणि मृत्यूनंतर बौद्ध भिक्षु देतील तें नांव आणखी वेगळें. जपानचा विख्यात सेनानी मिनामोतो नो योशित्सुने हा ११५९ सालीं जन्मला, तेव्हां त्याचें नांव ‘उशिवाका’, म्हणजे ‘तरुण बैल’, असें होतें. चित्रकार होकुसाई (१७६०–१८४९) यानें तर आयुष्यांत सुमारें तीस नांवें बदललीं, आणि म्हातारपणीं ‘चित्रवेडा म्हातारा’ अशा अर्थाचें नांव स्वतःला घेतलें.

या नामांतरांत राजकारण कसें दडलेलें असे, याचें उत्तम उदाहरण म्हणजे तोकुगावा इएयासू. याच पुरुषानें १६०३ मध्यें शोगुनपद मिळवून अडीचशें वर्षांहून अधिक काळ टिकणाऱ्या सत्तेचा पाया घातला. १५४३ सालीं तो एका लहानशा सरदाराच्या घरीं जन्मला, तेव्हां त्याचें नांव ‘ताकेचियो’ असें ठेवलें. ‘ताके’ म्हणजे वेळू आणि ‘चियो’ म्हणजे सहस्र युगें. वेळूसारखा सरळ वाढ आणि हजारों वर्षें जग, असा हा आशीर्वाद. बालपणींच तो बलाढ्य इमागावा घराण्याकडे ओलीस म्हणून राहिला. तो वयांत आला तेव्हां धनी इमागावा योशिमोतो यानें आपल्या नांवांतील ‘मोतो’ हें अक्षर त्याला दिलें, आणि तो ‘मोतोनोबू’ व पुढें ‘मोतोयासू’ झाला. धन्यानें चाकराला आपल्या नांवांतील एक अक्षर देणें हा त्या काळीं मोठा सन्मान होता; पण तो गळ्यांतला पट्टाही होता. १५६० मध्यें योशिमोतो रणांत पडला. तीन वर्षांनीं या तरुण सरदारानें ‘मोतो’ हें अक्षर टाकून दिलें आणि ‘इएयासू’ हें नांव घेतलें. एक अक्षर गळालें, आणि तो आतां कोणाचा चाकर नाहीं हें सर्वांना कळून चुकलें.

मोठेपणीं मिळालेल्या या खऱ्या नांवाला ‘इमिना’ म्हणत. त्याचा मूळ अर्थच ‘टाळावयाचें नांव’ असा आहे. आईबाप किंवा धनी यांखेरीज इतरांनीं तें तोंडावर उच्चारणें हा उद्धटपणा समजला जाई. आपल्या आजीला आजोबांचें नांव घ्यावयाचें झालें म्हणजे उखाणा लागे, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. बायकांच्या नांवांवर तर हा पडदा फारच दाट होता. अकराव्या शतकाच्या आरंभीं ‘गेंजी मोनोगातारी’ ही महान् कादंबरी लिहिणाऱ्या लेखिकेला आपण मुरासाकी शिकिबु म्हणतों. परंतु ‘शिकिबु’ हें तिच्या वडिलांच्या कचेरीचें नांव आणि ‘मुरासाकी’ हें तिनेंच निर्मिलेल्या नायिकेचें नांव. तिचें स्वतःचें नांव काळानें गिळलें.

आतां धोंडू-दगडूंकडे वळूं. आपल्याकडे मुलें जगत नसलीं म्हणजे मुलाला उकिरड्यावर ठेवल्यासारखें करून, त्याला टाकाऊ नांव देऊन, काळाच्या दृष्टीआड करीत. जपानांतही हुबेहूब हीच समजूत होती. आणि ती झोपडींतच नव्हे तर राजवाड्यांतही होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस साऱ्या जपानवर हुकमत चालविणारा तोयोतोमी हिदेयोशी हा पुत्रासाठीं झुरत होता. १५८९ मध्यें, पन्नाशी उलटल्यावर, त्याला मुलगा झाला. त्याचें नांव ठेवलें ‘सुते’, म्हणजे ‘टाकलेला’. तें मूल १५९१ मध्यें गेलें. १५९३ मध्यें दुसरा मुलगा झाला, तेव्हां त्याला विधिपूर्वक टाकून देऊन एका सरदाराकडून उचलून आणविलें, आणि नांव ठेवलें ‘हिरोई’, म्हणजे ‘सांपडलेला’. ज्याच्या शब्दासरशीं लाखांच्या फौजा हलत, त्या पुरुषालाही पाळण्यापुढें दुसरा उपाय सुचला नाहीं. हा ‘सांपडलेला’ मुलगा हिदेयोरी या नांवानें वाढला. पण १६१५ मध्यें ओसाकाचा किल्ला पडला आणि त्यांत त्याचा अंत झाला. किल्ला घेणारा तोच, वेळूच्या नांवाचा इएयासू!

सामान्य लोकांची नांवें इतकीं गुंतागुंतीचीं नसत. मुलांना बहुधा जन्मक्रमानें हांक मारीत. ‘तारो’ हा थोरला, ‘जिरो’ दुसरा, ‘साबुरो’ तिसरा, ‘शिरो’ चौथा, ‘गोरो’ पांचवा. जपानी मुलांच्या आवडत्या गोष्टींतील, पीच फळांतून निघालेला ‘मोमोतारो’ म्हणजे केवळ ‘पीचमधला थोरला’. आंकड्यांचा हा नाद पुढेंही गेला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतील प्रसिद्ध नौसेनापति यामामोतो १८८४ सालीं जन्मला, तेव्हां वडिलांचें वय छपन्न होतें. म्हणून मुलाचें नांव पडलें ‘इसोरोकू’, म्हणजे ‘छपन्न’! कित्येक नांवांच्या शेवटीं ‘एमोन’ किंवा ‘बेई’ येतें. तीं मुळांत राजवाड्याच्या पहारेकऱ्यांचीं पदें. ज्यानें राजवाडा कधीं पाहिलाही नाहीं असा शेतकरी तीं हौसेनें मिरवीत असे.

मुलींचीं नांवें दोन अक्षरी, सुटसुटीत आणि आंगणांतलीं असत. हारू म्हणजे वसंत, युकी म्हणजे बर्फ, किकू म्हणजे शेवंती, मात्सू म्हणजे देवदारासारखा सदाहरित वृक्ष, त्सुरू म्हणजे करकोचा, कामे म्हणजे कांसव. कांसवाचें नांव मुलीला कसें शोभतें, असें आपणांस वाटेल. परंतु करकोचा सहस्र वर्षें आणि कांसव दहा सहस्र वर्षें जगतें अशी तिकडील लोकसमजूत आहे. ज्या देशांत अर्भकें भराभर मरत, त्या देशांत मुलीचें नांव कांसव ठेवण्यांत काव्य नव्हतें, काकुळत होती. याच यादींत ‘सुए’ आणि ‘तोमे’ हीं दोन नांवें आढळतात. ‘सुए’ म्हणजे शेवट, ‘तोमे’ म्हणजे थांब. घरांत मुलें पुष्कळ झालीं, आतां पुरे, असें ज्या आईबापांना वाटे ते धाकट्या मुलीचें नांव असें ठेवीत. त्या मुलीला जन्मभर कोणी हांक मारली कीं, ती हांक म्हणजेच ‘पुरे’ असे.

१८६८ मध्यें शोगुनशाही संपून मेइजी राजवट सुरू झाली, आणि या साऱ्या नामसृष्टींत सरकारचा हात शिरला. तोंवर सामान्य प्रजेला आडनांव उघडपणें लावण्याची मोकळीक नव्हती. १८७० मध्यें ती मिळाली, आणि १८७५ मध्यें तर आडनांव लावणें सक्तीचें झालें. १८७२ मध्यें सर्व देशाची कुटुंबनोंद तयार झाली. त्याच वर्षीं हुकूम निघाले कीं, एका माणसाला एकच नांव असावें आणि तें मनास येईल तेव्हां बदलूं नये. लष्करभरती, कर आणि शाळा यांना टिकाऊ नांव लागतें. होकुसाईसारखा तीस नांवांचा मनुष्य हजेरीपटांत बसत नाहीं, हें मी मास्तर या नात्यानें खात्रीनें सांगूं शकतों. याचा परिणाम असा झाला कीं, सातव्या रात्रीं ठेवलेलें नांव आतां जन्माचें सोबती झालें, आणि आईबापांच्या निवडीला पूर्वीं कधीं नव्हतें इतकें वजन आलें.

या संधिकालांतील एका मुलीची गोष्ट मला मुद्दाम सांगावयाची आहे. १८६४ सालच्या शेवटच्या दिवशीं एदो शहरांत, म्हणजे आजच्या तोक्योंत, त्सुदा घराण्यांत दुसरी मुलगी जन्मली. मुलगा होईल अशा आशेंत असलेल्या वडिलांना इतका विषाद झाला कीं, ते घराबाहेर निघून गेले आणि सातवी रात्र आली तरी त्यांनीं नांव ठेवलें नाहीं, अशी हकीगत तिच्या चरित्रांत येते. अखेर आईनेंच उशाशीं असलेल्या कुंडींतील खुज्या झाडाकडे पाहून तिचें नांव ‘उमे’ ठेवलें. उमे हें जपानांतील एक फुलझाड. हिंवाळा पुरता सरला नसतां, कधीं कधीं बर्फांतच, तें फुलतें. याच वडिलांनीं पुढें, १८७१ मध्यें, सरकार मुलींना शिक्षणासाठीं अमेरिकेला पाठवीत आहे असें कळतांच हिला पाठविलें. गेलेल्या पांच मुलींत ती सर्वांत धाकटी. वय अवघें सहा वर्षांचें. अकरा वर्षांनीं ती परतली आणि १९०० मध्यें तिनें तोक्योंत मुलींच्या उच्च शिक्षणासाठीं शाळा काढली. तीच आज त्सुदा विद्यापीठ या नांवानें ओळखली जाते. जुलै २०२४ पासून जपानच्या पांच हजार येनच्या नोटेवर तिचें चित्र आहे. जिच्यासाठीं वडिलांना नांव सुचलें नाहीं, तिचें नांव आज त्या देशांत घराघरांत पोंचलें आहे.

याच त्सुदा उमेनें १९०२ मध्यें आपलें नांव नोंदवहींत ‘उमेको’ असें करून घेतलें. हा ‘को’ प्रत्यय जपानी स्त्रियांच्या नांवांत इतका आढळतो कीं, त्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. ‘को’ म्हणजे मूल. परंतु चीनमध्यें हेंच अक्षर कन्फ्यूशिअससारख्या ऋषितुल्य पुरुषांच्या नांवांपुढें आदरानें लागत असे. जपानांत तें राजकुळांतील व सरदारकुळांतील स्त्रियांचें भूषण होतें. मेइजी काळांत सर्वांना एकच कायदा आणि एकच शाळा आली, तेव्हां कोळ्याकुणब्यांच्या मुलींनाही तें भूषण मिळालें. १९२० ते १९५० या दशकांत मुलींचीं जीं नांवें सर्वांत लोकप्रिय होतीं, त्यांत बहुतेक सर्व ‘को’ नें संपणारीं होतीं: योशिको, काझुको, साचिको, केइको. पुढें १९५९ मध्यें युवराज आकिहितो यांनीं सामान्य कुळांतील शोदा मिचिको यांच्याशीं विवाह केला, तेव्हां ‘मिचिको’ या नांवाला मोठाच बहर आला. त्यानंतर मात्र हा प्रत्यय ओसरूं लागला. आज शाळेंत जाणाऱ्या मुलींत तो क्वचित् आढळतो. राजघराण्यांत तो अद्याप टिकून आहे. १ डिसेंबर २००१ रोजीं जन्मलेल्या राजकन्येचें नांव सातव्या दिवशीं ‘आइको’ असें ठेवण्यांत आलें. जो इतरांवर प्रेम करतो त्याच्यावर इतरही प्रेम करतात, अशा आशयाच्या मेन्शिअसच्या वचनांतून तें घेतलें आहे.

श्रोतेहो, नांवांवर काळाची मुद्रा कशी उमटते हें पाहावयाचें असेल तर जपानांतील विसाव्या शतकाकडे पाहावें. जपानांत प्रत्येक सम्राटाच्या कारकीर्दीला एक शुभनाम असतें. १९१२ मध्यें ‘ताइशो’ पर्व सुरू झालें. त्यांतील ‘शो’ अक्षर आणि पहिल्या वर्षाचा ‘एक’ मिळून ‘शोइची’ हें नांव त्या सालीं मुलांत अग्रभागीं होतें. डिसेंबर १९२६ मध्यें ‘शोवा’ पर्व लागलें. त्यांतील ‘वा’ अक्षराचा अर्थ सलोखा, आणि त्याचाच दुसरा उच्चार ‘काझु’. म्हणून १९२७ मध्यें असंख्य मुली ‘काझुको’, म्हणजे ‘सलोख्याचें मूल’, झाल्या. या सलोख्याच्या मुली चार वर्षांच्या झाल्या नाहींत तोंच मांचुरियांत जपानी सैन्य शिरलें. त्या दहा वर्षांच्या झाल्या तेव्हां चीनशीं उघड युद्ध पेटलें होतें. युद्धाच्या वर्षांत जन्मलेल्या मुलांचीं नांवें पाहा: ‘मासारू’ म्हणजे विजय, ‘इसामू’ म्हणजे शौर्य, ‘इसाओ’ म्हणजे पराक्रम. युद्ध संपून उपासमारीचे दिवस आले, तेव्हां ‘मिनोरू’ हें नांव पुढें आलें. मिनोरू म्हणजे धान्यानें भरणें, पिकणें. विजयाच्या जागीं कणीस आलें. यावर भाष्य करण्याचें कारण नाहीं.

नांवाचा जुलूमही याच काळांतला. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यांत होता. १९४० मध्यें तेथील लोकांना जपानी धर्तीचीं कुलनामें घेण्यास लावणारा कायदा अंमलांत आला, आणि सहा महिन्यांत बहुसंख्य कुटुंबांना तीं नोंदवावीं लागलीं. कोरियांत पूर्वजांच्या कुलनामाला केवढी पवित्रता आहे हें ज्याला ठाऊक आहे, त्याला या जखमेची कल्पना येईल. स्वातंत्र्य येतांच १९४६ मध्यें तीं नांवें कायद्यानें रद्द करण्यांत आलीं. इएयासूनें धन्याचें अक्षर फेंकलें तेंच एका साऱ्या राष्ट्रानें केलें.

युद्धोत्तर सरकारनें लिपी सोपी करण्यासाठीं १९४६ मध्यें १८५० अक्षरांची यादी केली, आणि १९४८ पासून मुलांचीं नांवें या यादींतील चित्राक्षरांत किंवा साध्या उच्चारलिपींतच लिहावीं असें ठरविलें. पालकांत नाराजी झाली, कारण नांवांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेलीं कित्येक अक्षरें यादींत नव्हतीं. १९५१ मध्यें नांवांसाठीं म्हणून ९२ अक्षरें वाढविलीं. तेव्हांपासून ही पुरवणी वाढत वाढत साडेआठशेंच्या वर गेली आहे. २००४ मध्यें सरकारी समितीनें पांचशेंहून अधिक नवीं अक्षरें सुचविलीं. त्यांत ‘विष्ठा’, ‘शाप’, ‘प्रेत’ अशा अर्थाचींही अक्षरें शिरलीं होतीं. लोकांनीं इतका गिल्ला केला कीं तीं गाळून ४८८ अक्षरें मान्य करण्यांत आलीं.

अक्षरें चांगलीं असलीं म्हणजे नांव चांगलें होतेंच असें नाहीं. १९९३ मध्यें तोक्योजवळच्या एका शहरांत एका बापानें मुलाचें नांव ‘आकुमा’, म्हणजे ‘सैतान’, असें नोंदविण्यास दिलें. दोन्ही अक्षरें यादींतलीं होतीं. नगरकचेरीनें प्रथम अर्ज घेतला आणि मग नाकारला. प्रकरण न्यायालयांत गेलें. नांव ठेवण्याच्या हक्काचा हा दुरुपयोग आहे, असें मत न्यायालयानें व्यक्त केलें. आणि शेवटीं मुलाला दुसरें नांव मिळालें. नांव देणारा जरी बाप असला तरी तें वागविणारा मुलगा आहे, हा विचार या वादांतून घरोघर पोंचला.

अलीकडे चमत्कारिक उच्चारांच्या नांवांचा सुळसुळाट झाला आहे. त्यांना जपानी लोक ‘किराकिरा’, म्हणजे ‘चकचकीत’, नांवें म्हणतात. अक्षरें एक सांगतात आणि उच्चार भलताच असतो. शिक्षक आणि डॉक्टर गोंधळून जातात. अखेर कुटुंबनोंदीचा कायदा बदलून २६ मे २०२५ पासून नांवाबरोबर त्याचा उच्चारही नोंदविणें आवश्यक केलें आहे, आणि तो उच्चार सर्वसामान्यपणें मान्य होण्यासारखा असला पाहिजे असा दंडक घातला आहे. वडील माणसें म्हणतात, काळ बिघडला. परंतु चौदाव्या शतकांत केंको नांवाच्या भिक्षूनें आपल्या ‘त्सुरेझुरेगुसा’ या ग्रंथांत हीच तक्रार केली आहे कीं, लोक मुलांना अपरिचित अक्षरांचीं नांवें देतात हें व्यर्थ होय. अठराव्या शतकांतील पंडित मोतोओरी नोरिनागा यानेंही तीच कुरकुर केली. आणि सोळाव्या शतकांतील प्रतापी सेनानी ओदा नोबुनागा यानें आपल्या एका मुलाचें बालनाम ‘विलक्षण’ व दुसऱ्याचें ‘चहा घुसळण्याची रवी’ अशा अर्थाचें ठेवलें होतें. तेव्हां प्रत्येक पिढीला पुढच्या पिढीचीं नांवें विचित्र वाटतात, हा नियमच समजावा.

तसें पाहिलें तर आजच्या जपानी नांवांत सुंदर नांवें पुष्कळ आहेत. ‘रेन’ म्हणजे कमळ, हें मुलाचें नांव गेल्या कांहीं वर्षांत अनेकदां अग्रभागीं राहिलें आहे. आपल्याकडे कमळ मुलीच्या वांट्याला अधिक येतें. बुद्धाच्या आसनाबरोबर तें जपानांत गेलें आणि तेथें मुलांच्या वांट्याला आलें. ‘हिमारी’ हें मुलीचें नांव सूर्य आणि त्याच्याकडे वळणारें फूल या दोहोंची आठवण देतें. ‘साकुरा’ हा वसंतांतील फुलोरा, ‘आओई’ हें जुन्या काव्यांतील एक फुलझाड. ऋतूंचें वेड हा त्या लोकांच्या नांवांतील अखंड धागा आहे.

आतां दोन नांवें सांगून संपवितों.

पहिलें नांव सादाको. सासाकी सादाको ही मुलगी १९४३ मध्यें हिरोशिमांत जन्मली. ‘सादा’ या अक्षराचा अर्थ शुभ, मंगल. ती दोन वर्षांची असतां तिच्या गांवावर अणुबाँब पडला. ती वांचली, धांवण्यांत पटाईत अशी शाळकरी मुलगी झाली, आणि पुढें तिला रक्ताचा कर्करोग झाला. हजार कागदी करकोचे केले म्हणजे इच्छा पुरी होते, या श्रद्धेनें ती रुग्णालयांत अंथरुणावर करकोचे घडीत राहिली. २५ ऑक्टोबर १९५५ रोजीं ती गेली. तिच्या सोबत्यांनीं वर्गणी जमविली, आणि १९५८ मध्यें हिरोशिमाच्या शांति-उद्यानांत मुलांचें स्मारक उभें राहिलें. त्यावर हातांत करकोचा धरलेली मुलगी आहे. जुन्या आया मुलीचें नांव त्सुरू, म्हणजे करकोचा, ठेवीत तें आयुष्य मागण्यासाठीं. या मुलीनें तेंच आयुष्य कागदाच्या घडींतून मागितलें. नांव शुभ असून तिला तें मिळालें नाहीं. नांव ही प्रार्थना आहे, कवच नाहीं.

दुसरें नांव माझ्या हजेरीपटांतलें. नकुशी. सातारा भागांतील एका खेड्यांत मी शिक्षक असतां ती माझ्या वर्गांत होती. मुलीवर मुली झाल्या म्हणजे शेवटच्या मुलीला हें नांव देत: नकोशी, म्हणून नकुशी. जपानच्या ‘तोमे’ची ही सख्खी बहीण, किंबहुना तिच्याहून कठोर. चार वर्षें रोज सकाळीं चाळीस मुलांसमक्ष मीं तिला मोठ्यानें ‘नकुशी’ म्हटलें, आणि ती उभी राहून ‘हजर’ म्हणाली. निबंधाच्या तासाला ‘माझें नांव’ हा विषयही मीं एकदां दिला होता. तिनें कोरी पाटी दाखविली. मीं तिला आळशी ठरवून बाकावर उभें केलें. कारण विचारलें नाहीं.

२०११ मध्यें सातारा जिल्ह्यांत अशा दोनशेंहून अधिक मुलींना समारंभानें नवीं नांवें दिलीं, ही बातमी आपण वाचली असेल. त्याच्या पुढच्याच वर्षीं ती माझ्याकडे आपल्या मुलीला शाळेंत घालावयास आली. मीं अर्ज भरावयास घेतला. अर्जांत आईच्या नांवाचा रकाना असतो. माझी लेखणी तेथें थांबली. ती म्हणाली, “लिहा कीं, गुरुजी. त्यांत माझा काय गुन्हा? पण पोरीचं नांव मात्र मीं ठेवलंय.” मुलीचें नांव होतें अपेक्षा.

त्सुदा उमेच्या आईची गोष्ट वाचली तेव्हां मला हीच बाई आठवली. कुंडींतल्या झाडाकडे पाहून नांव ठेवणारी ती आई आणि अर्ज भरतांना ताठ उभी राहणारी ही आई, यांच्यामध्यें दीडशें वर्षांचें आणि हजारों कोसांचें अंतर आहे. दोघींनींही मुलीसाठीं नांव शोधलें, आणि घरानें जें म्हटलें नव्हतें तें त्या नांवानें म्हटलें. मीं मात्र त्या रोजच्या हजेरींत काय म्हणत होतों, हें मला फार उशिरा कळलें. आज हजेरी घेणारे जे शिक्षक माझें भाषण ऐकत असतील, त्यांनीं उद्यां सकाळीं पटावरील नांवें एकदां अर्थ लावून वाचावीं, एवढीच माझी विनंती आहे.